इंके इव्हॉल्व्ह होत नाहीये? गेम करप्ट नाही, फोनही बिघडलेला नाही, आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणाचा ना कुणाचा हाच मेसेज येतो. स्विचवाले (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन) असतील तर "दादा इंके लेव्हल ३६ ला पोचला तरी मालामार होत नाहीये, गेम करप्ट झाला का", आणि पोकेमॉन गो (फोनवरचा गेम) वाले असतील तर "५० कँडी आहेत, फोन उलटा पण केला, बटण काय लागत नाही, सेन्सर गेला वाटतं". प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकेमॉन म्हणजे गेममध्ये पकडून वाढवायचे प्राणी, इंके म्हणजे त्यातलं माकुल, आणि ते इव्हॉल्व्ह झालं, म्हणजे रूप बदलून मोठं झालं, की त्याचा मालामार होतो. बायको रत्नागिरीची असल्यामुळे आमच्या घरी त्याला स्क्विड वगैरे कुणी म्हणत नाही, माकुलच. २०१३ मध्ये एक्स आणि वाय गेम आले तेव्हा हे पहिल्यांदा आलं, पोकेडेक्सवर (पोकेमॉनच्या यादीत) ६८६ नंबर, डार्क आणि सायकिक टाइप, उंची अर्धा मीटरसुद्धा नाही. जपानी नाव मा-ईका, त्यात 'इका' म्हणजे माकुल आणि 'मा ई का' म्हणजे साधारण 'जाऊ दे, चालतंय'. नाव भारी आहे पण स्वभाव काही चालतंय टाइप नाही, कारण याला मालामार करायचं तर नुसती लेव्हल वाढवून भागत नाही, लेव्हल वाढून ३० किंवा त्याच्या वर गेली पाहिजे आणि त्या क्षणी तुमचं मशीन उलटं धरलेलं पाहिजे. हो, हातातलं खरं मशीन. आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, इथे नेमकं वेगळंच, घडा उलटा केल्याशिवाय पाणी भरतच नाही.

आता गंमत अशी की नव्वद टक्के लोकांचं घोडं 'उलटा' या एका शब्दावर अडतं. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, पण मला तरी तसंच दिसलंय.

मागच्या दिवाळीत बहिणीकडे कोथरूडला गेलो होतो. भाचा सातवीत, त्याच्याकडे स्विच आणि त्यात पोकेमॉन स्वॉर्ड हा गेम. गेल्या गेल्या तक्रार, "मामा, तू म्हणालेलास उलटा कर, मी चार वेळा केला, काही होत नाही, तुझं सगळं खोटं असतं." म्हटलं दाखव कसा करतोस. साहेबांनी स्विच घेतला, रेअर कँडी (एक लेव्हल वाढवणारी गोळी) सिलेक्ट केली, ए दाबला आणि पटकन दिवाणावर पालथा घातला. स्क्रीन गादीला, पाठ वर. आणि वर त्यालाच हात जोडून बसलाय, होईल आता म्हणून. मी म्हटलं अरे असा नाही, उलटा. तो म्हणतो हा उलटाच आहे. मी म्हटलं उलटा म्हणजे उलटा रे. तो म्हणतो मग हे काय आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, कारण आपण पुस्तक पालथं ठेवलं तरी उलटं म्हणतो, शर्टाची शिवण बाहेर आली तरी उलटाच म्हणतो आणि बाळ पायाळू असलं तरी उलटंच म्हणतो. शेवटी आमची आई स्वयंपाकघरातून चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आली, तिने दोन मिनिटं आमचं ऐकलं आणि म्हणाली, "अरे पालथा नको घालूस, उफराटा धर. वटवाघळासारखा." तिला पोकेमॉन म्हणजे काय ते आजतागायत माहीत नाही, पण याहून नेमकी सूचना मी कुठल्याही गाइडमध्ये वाचलेली नाही.

तर नियम एकच, उफराटा. स्क्रीन तुमच्याकडेच, फक्त वरची बाजू खाली आणि खालची वर. अजून सोपं करून सांगायचं तर चार्जिंगचं भोक छताकडे. फोनला पण हेच, स्विचला पण हेच, दोन्हींचा पोर्ट खालच्या बाजूला असतो त्यामुळे तो आकाशाकडे बघायला लागला की तुम्ही बरोबर आहात. फक्त थ्रीडीएसला (निन्टेंडोचं जुनं, दोन स्क्रीनचं मिटणारं मशीन) हा नियम लावू नका, त्याचा पोर्ट मागच्या बाजूला बिजागरीपाशी आहे. त्याला उघडून धरा आणि अख्खा फिरवा, म्हणजे वरची स्क्रीन खाली लटकली पाहिजे. बास, थ्रीडीएसचं एवढंच, तो कधी त्रास देत नाही.

हे असं का ते पण सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. मशीनला वर-खाली काय ते तुमच्या डोळ्यांवरून कळत नाही, आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची तांदळाच्या दाण्याहून लहान चिप असते तिच्यावरून कळतं. त्या चिपमध्ये एक अगदी बारीकसं वजन लवचिक आधारावर टांगलेलं असतं आणि पृथ्वी त्याला कुठल्या बाजूला ओढतेय हे ती तीन दिशांना मोजते, डावी-उजवी, वर-खाली आणि स्क्रीनच्या आरपार. फोन टेबलावर आडवा ठेवला की ते ९.८ चं सगळं ओढणं स्क्रीनच्या आरपार जातं, वर-खालीच्या खात्यात जवळजवळ शून्य. मग तुम्ही टेबलावर ठेवलेला फोन कितीही गरागरा फिरवा, फोनच्या लेखी काहीच उलटं झालेलं नाही. म्हणून पहिली चूक ही, की लोक बसल्या बसल्या फोन मांडीवर आडवा ठेवून फिरवतात. उभा धरा. अगदी मिस्त्रीने ओळंबा लावल्यासारखा नको, थोडा तिरका चालतो, पण उभा.

आणि दुसरी चूक रात्रीची. उताणं झोपून फोन तोंडावर धरायचा आणि तिथे फिरवायचा. तिथेही तीच गत, स्क्रीन जमिनीकडे, ओढ आरपार. उठून बसा.

भाच्याने मात्र यातून भलताच शोध लावला. त्याला स्क्रीन उफराटी धरली की काही वाचता येईना, म्हणून तो दिवाणावर उताणा झोपला आणि डोकं काठावरून खाली लोंबकळत सोडलं, आता त्याच्या डोळ्यांना स्विच सरळ दिसतोय पण जमिनीच्या हिशोबाने उफराटा. मालामार झाला की! अक्षरं पण नीट वाचता आली. आईने विचारलं हे शीर्षासन गेमसाठी आहे का शाळेसाठी. तेव्हापासून मी सगळ्यांना हीच ट्रिक सांगतो, फक्त पोळ्या खाऊन लगेच करू नका.

आता स्विचवाल्यांसाठी नीट, कारण तिथे भानगडी जास्त आहेत. हे स्वॉर्ड-शील्डचं सांगतोय.

टीव्हीला लावून खेळत असाल तर डॉकमधून काढा, जॉयकॉन (दोन कंट्रोलर) स्विचच्या दोन्ही बाजूंना लावा आणि हातात घेऊन करा. टीव्ही उलटा करणारा अजून मला भेटला नाही पण पुण्यात काही सांगता येत नाही. ऑप्शन्समध्ये जायरोस्कोप नावाची सेटिंग आहे ती ऑन आहे का बघा, बऱ्याच जणांनी पहिल्या दिवशी बंद केलेली असते आणि मग विसरलेले असतात.

पण खरा घोळ एक्स्पी शेअरचा, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण सगळ्यांना वाटण्याचा आहे. स्वॉर्ड-शील्डमध्ये तो बंदच करता येत नाही, लढाई कुणीही लढो, पार्टीतल्या सगळ्यांना एक्स्पी मिळतो. म्हणजे तुमचा इंके मागे बसून नुसता बघत असतो आणि ३०, ३१, ३२ असा आपोआप चढत जातो, आणि त्या प्रत्येक वेळी स्विच तुमच्या हातात सरळ असतो. मग एक दिवस तुमचं लक्ष जातं की अरे हा ३६ चा झाला, तुम्ही स्विच उफराटा करता, आणि काहीच होत नाही. होणारच नाही! कारण लेव्हल आत्ता वाढलीच नाही. नुसतं उलटं धरून माकुल फुलत नाही, लेव्हल वाढणं आणि उलटं असणं दोन्ही एकाच वेळी लागतं. यात घाबरायचं कारण नाही, ३० ची लेव्हल चुकली म्हणून संधी गेली असं नसतं, ३० च्या पुढची कुठलीही लेव्हल चालते. जंगलात पकडलाच ३० च्या वरचा तरी एक लेव्हल वाढवून होतो.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, लढाईतून करायच्या भानगडीत पडूच नका. लढाईत लेव्हल वाढते तेव्हा लगेच इव्हॉल्व्ह होत नाही, लढाई संपल्यावर होतं, तोपर्यंत शेवटचा वार, एक्स्पीचे मेसेज, नवीन मूव शिकायचा का वगैरे सगळं उफराटं वाचत बसायचं, हात दुखतात आणि माणूस नेमका मधेच सरळ करतो. रेअर कँडी वापरा. रेड (मिळून लढायच्या मोठ्या लढाया) करत असाल तर एक्स्प कँडी ढिगाने पडलेल्या असतात त्या पण चालतात, फक्त एवढ्या द्या की लेव्हल खरंच वाढेल. बॅग उघडा, कँडी निवडा, इंके निवडा, आणि आता शेवटचं बटण दाबायच्या आधी स्विच उफराटा करा. भाचा दाबल्यावर करत होता. आधी. मग दाबा आणि "इंके इव्हॉल्व्ह होतोय" हे सुरू होईपर्यंत हलवू नका.

इथे अजून एक सापळा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. स्विच उफराटा केला की उजवा जॉयकॉन डाव्या हातात येतो आणि त्यावरची बटणं पण फिरतात, बी जो एरवी खाली असतो तो वर जातो आणि ए डाव्या बाजूला येतो. अंगठ्याला जुनी सवय असते. मी इव्हॉल्व्ह सुरू झाल्यावर आनंदाच्या भरात काहीतरी दाबलं, ते निघालं बी, आणि बी म्हणजे कॅन्सल. स्क्रीनवर इंके परत इंके. त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तर एकदा ए दाबला की हात काढून घ्या, बटणांना स्पर्श नको.

एवढं करूनही नाही झालं तर इंकेच्या हातात काय आहे ते बघा. एव्हरस्टोन असेल तर तुम्ही स्विच पंख्याला टांगलात तरी होणार नाही, तो दगड इव्हॉल्व्ह थांबवायलाच असतो. ब्रीडिंग करणारे लोक तो लावून विसरतात.

आता गो वाले.

गो मध्ये इंके आला २०२१ मध्ये. तेव्हा इकडे कोरोनाचे दिवस, बाहेर फिरणं कमी, आणि आम्ही लोक बाल्कनीत इन्सेन्स (पोकेमॉनना जवळ बोलावणारी गेममधली उदबत्ती) लावून बसलेलो. एरवी सारसबागेत नाहीतर जंगली महाराज रस्त्यावर संभाजी पार्कात एका फेरीत जेवढ्या कँडी मिळतात तेवढ्यासाठी तेव्हा आठवडे गेले, त्यामुळे माझा पहिला मालामार मला अजून आठवतो.

इथे लेव्हल ३० ची अट नाही, सीपी (ताकदीचा आकडा) कितीही असो फरक पडत नाही. ५० कँडी आणि फोन उफराटा, एवढंच. इंकेचं पान उघडायचं, फोन उभा धरून उफराटा करायचा, एक-दोन सेकंद थांबायचं, मग इव्हॉल्व्हचं बटण चालू होतं. ते तसंच उफराटं धरून दाबायचं आणि पुढचं 'हो' पण तसंच दाबायचं, सरळ करून नाही. घाईत एक होतं, इव्हॉल्व्हच्या शेजारी पॉवर अपचं बटण आहे आणि उफराट्या स्क्रीनवर कुठलं वर कुठलं खाली याचा मेंदू गोंधळ घालतो, माझ्या एका मित्राने असा स्टारडस्ट (पॉवर अपला खर्च होणारी गेममधली चीज) घालवलाय. शांतपणे करा. चालत्या रिक्षात तर अजिबात नको.

फोन उफराटा केल्यावर स्क्रीनच पलटून सरळ व्हायला लागली तर ऑटो रोटेट बंद करा. आमच्या घरच्या दोन फोनवर मी बंद ठेवूनच केलंय आणि झालंय. कुणी सांगतं मॅग्नेटचं कव्हर काढा, अंगठीवाला होल्डर काढा, त्याने होईल. लोहचुंबकाचा त्रास कंपासला होतो, वर-खाली ओळखणाऱ्या चिपचा त्याच्याशी संबंध नाही. काढायचं तर काढा, पण तेवढ्यासाठी नवीन कव्हर घेऊ नका.

आणि सेन्सर खरंच गेलाय का हे बघायला दुकानात जायची गरज नाही, हे मी हात जोडून सांगतो. ऑफिसातला एक जण माझं न ऐकता रिपेअरवाल्याकडे गेला. दुकान कुठलं ते सोडा. त्याने फोन उघडायच्या आधीच सांगितलं, "सेन्सरची पट्टी गेली, बदलावी लागेल, १८०० होतील". हा बिचारा देणार होता. नशीब त्याने मला फोन केला. म्हटलं ऑटो रोटेट चालू कर, यूट्यूबवर कुठलाही व्हिडिओ लाव आणि फोन आडवा कर. केला, व्हिडिओ लगेच आडवा झाला. मग? ती चिप चालू आहे म्हणूनच झाला ना. आणि ही चिप मदरबोर्डवर बसवलेली असते, पट्टी जी बदलतात ती सहसा कानाला फोन लावल्यावर स्क्रीन बंद करणाऱ्या सेन्सरची. त्याचा आणि माकुलाचा काय संबंध? फोन परत घेऊन आला, जिन्यात उभा राहून नीट उफराटा धरला, झालं. आधी काय करत होता तर मांडीवर ठेवून फिरवत होता, वर लिहिलंय तेच.

टेस्ट करताना एक लक्षात ठेवा, व्हिडिओ आडवा करून बघा, उफराटा करून नाही. बरेच फोन पूर्ण उफराटे केले की स्क्रीन फिरवतच नाहीत, ते तसंच बनवलेलं असतं, त्यावरून सेन्सर गेला असं समजू नका. सॅमसंग असेल तर डायलरमध्ये *#०*# टाका, टेस्टचा मेनू येतो, त्यात सेन्सरमध्ये गेलात की आकडे हलताना दिसतात. फोन उभा धरला की एक आकडा ९.८ च्या आसपास दिसेल, उफराटा केला की तोच उणे होईल. आकडे हलतच नसतील, फोन कसाही फिरवला तरी एकाच जागी थिजलेले असतील, आणि फोन बंद-चालू करूनही तसंच, तर आणि तरच दुकान. तोपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर आपलं गो चं लॉगिन करून इव्हॉल्व्ह करून घ्या, दोन मिनिटांचं काम.

झाला एकदाचा मालामार, तर त्याला नुसता पोकेडेक्समध्ये ठेवू नका. बघितलंत तर तो स्वतःच उफराटं माकुल आहे, डोकं खाली आणि पायांचे केस करून वर सोडलेले. त्याची काँट्ररी अ‍ॅबिलिटी असेल तर तिथेही सगळं उलटंच, जिथे ताकद कमी व्हायची तिथे वाढते. सुपरपॉवर मूव बाकीच्यांनी मारला की त्यांचा अटॅक आणि डिफेन्स एकेक पायरी उतरतो, हा मारतो आणि चढतो, तीन वेळा मारला की समोरच्याचं काही खरं नाही. अ‍ॅबिलिटी इंके असतानाच बघून घ्या म्हणजे नंतर हळहळ नको.

फक्त बग टाइपपासून सांभाळा, चौपट लागतो. भाच्याने मोठ्या ऐटीत नवा मालामार माझ्यासमोर उतरवला आणि मी यू-टर्न मारला. तो मूव बग टाइपचा आहे. एका फटक्यात गार. भाचा म्हणाला मामा, कर्वे रोडवर पण तू असाच करतोस.

कुणाचं एवढं करूनही अडलं असेल तर मला विचारा, पण कृपा करून इंकेचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. घरातल्या कुणाला तरी सांगून तुम्ही मशीन कसं धरलंय त्याचा फोटो काढा आणि तो पाठवा.